पाटे, टायर आणि जीपची उंची

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या सुभेदार साहेबांचा फोन आला. रामराम वगैरे काही नाही, थेट विषयाला हात. “उस्ताद, जिप्सी मिळाली. डिस्पोजलच्या लिलावात. आपलीच, हिरवी. आता मला एवढंच सांग, टायर ३१ चे टाकू की ३० चे? आणि लिफ्ट चार इंच करतोय.”

साहेब निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. लेहला आम्ही एका युनिटमध्ये होतो. ते एमटीचे जेसीओ आणि मी वर्कशॉपचा व्हेईकल मेकॅनिक. आता त्यांना वहिनींना, मुलाला आणि सुनेला घेऊन पुढच्या उन्हाळ्यात चांग ला बघायला जायचंय. ज्या खिंडीच्या पलीकडे त्यांनी दोन हिवाळे काढले, ती घरच्यांनी फक्त फोटोत पाहिलेली. गॅरेजवाल्यानं मोठे टायर आणि लिफ्ट असं सगळं मिळून पॅकेज दिलं होतं. मी म्हटलं, साहेब, पैसे देऊ नका, मला एक दिवस द्या.

एका दिवसाचे चार झाले. एक कारण म्हणजे हा प्रश्न दिसतो तेवढा छोटा नाही. जीप नावाच्या वस्तूइतकाच तो जुना आहे. दुसरं कारण १९९४ सालचं, पोखरणच्या रस्त्यावरचं आहे. त्यावर येतोच.

जीपचा जन्म घाईत झाला. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली की हलकी, चारही चाकांना ताकद देणारी टेहळणीची गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची अट होती १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. ही अट कुणालाच पाळता आली नाही आणि शेवटी लष्करालाच ती सोडावी लागली. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनियरनं आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला गाडी होलाबर्डच्या छावणीत हजर केली. पुढे विलीज आणि फोर्डनं ती लाखांनी बनवली.

त्या गाडीचे टायर होते ६.००-१६. म्हणजे रुंदी सहा इंच, रिम सोळा इंची, आणि उभी उंची साधारण अठ्ठावीस इंचांहून थोडी जास्त. आजच्या डोळ्यांना ते सायकलचे टायर वाटतात. माझा मुलगा जुने फोटो बघून हसतो. पण हा आकार गरिबीतून आलेला नव्हता. इंजिन ६० अश्वशक्तीचं, स्टीअरिंग हातानं ओढायचं, ब्रेक चारही चाकांना नऊ इंची ड्रमचे. त्यात चिखलात अरुंद टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. रुंद टायर त्याच लगद्यावर तरंगतो आणि जागच्या जागी फिरतो. शिवाय मागच्या पाव टनी ट्रेलरलाही हाच टायर बसायचा, म्हणजे एक स्टेपनी दोघांना चालायची. ज्यानं कधी रात्री दोन वाजता डोंगरात स्टेपनी शोधली आहे, त्याला या एका गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही. नक्षी अशी की पुढे जाताना आणि मागे येताना पकड सारखीच. शत्रूला चाकोरीवरून दिशा कळू नये म्हणून तशी ठेवली, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. खरं असो वा नसो, रिव्हर्समध्ये चिखलातून निघताना तिचा उपयोग मी स्वतः घेतलाय.

वाळूचं गणित मात्र उलटं. ते शिकवलं राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश सिग्नल अधिकाऱ्यानं. लढाईच्या आधी वर्षानुवर्षं तो हौसेनं लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडला होता. १९४० मध्ये त्यानं लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. त्याचा मंत्र साधा होता. मऊ वाळूत हवा कमी करायची, म्हणजे टायर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. तरीही रुतलीच तर चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या. या ग्रुपबरोबर पुढे आपली इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनसुद्धा होती. सेकंड लान्सर्स, ११ कॅव्हलरी आणि १८ कॅव्हलरी यांचे जवान त्यात होते. राजस्थानात ड्यूटी केलेल्या प्रत्येक ड्रायव्हरनं वाळूत शिरण्याआधी गाडी थांबवून टायरची हवा सोडलीय. तो धडा आपल्या माणसांनी ऐंशी वर्षांपूर्वी लिबियात गिरवलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

रस्त्यावर २६ पौंड हवा असेल तर मऊ वाळूत १५-१६ पौंडांवर तीच गाडी वेगळी होते. नवा टायर नको, लिफ्ट नको, खर्च शून्य. फक्त परत डांबरावर आल्यावर हवा भरायचा आळस करायचा नाही.

आपल्याकडे जीप आली लढाईतल्या गाड्यांबरोबर, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रानं विलीजचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे३बी आली. तिचं इंजिनच उंच होतं म्हणून बॉनेट उंच. टायर तेच, ६.००-१६. पाटे एक्सलच्या खाली बांधलेले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या गाडीची उंची किती असावी, याचं उत्तर मला १९६५ च्या लढाईत दिसतं. असल उत्तरला चीमा गावाजवळ, ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस गनने पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला ते तिथेच धारातीर्थी पडले. परमवीर चक्राची ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकतो. मेकॅनिक म्हणून मी तीच गोष्ट जरा वेगळ्या कानानं ऐकतो. ती गन २०० किलोंहून जड. शिवाय गोळे, शिवाय माणसं. एवढं वजन पाव टनी गाडीच्या पाट्यांवर, आणि गाडी इतकी ठेंगणी की उभ्या पिकाच्या आडोशाला दिसू नये. फायर करायचं, जागा बदलायची, पुन्हा लपायचं. त्या जीपला कुणी चार इंच उचललं असतं तर ती पिकाच्या वर चार इंच दिसली असती. म्हणून लष्करानं जीप कधी गरजेपेक्षा उंच केली नाही. उंच दिसणं ही शोरूमची गरज आहे, फौजेची नव्हे.

त्यानंतर जोंगा आली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावातून उचललेली अक्षरं. मूळ गाडी निसानची पेट्रोल. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ती चढावर हत्तीसारखी चालायची आणि पेट्रोलही हत्तीसारखंच प्यायची. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहीन, ती त्या लायकीची गाडी आहे.

आणि मग जिप्सी. डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली, ९७० सीसीचं इंजिन घेऊन. फौजेत पुढे रुळली. वजन टनभर, पाटे चारही बाजूंना, आणि जीपसारखेच एक्सलच्या खाली. १९९३ मध्ये कंपनीनं एक बदल केला जो बाहेरून पटकन दिसत नाही. दोन चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं, पुढे १,२१० चं १,३०० आणि मागे १,२२० चं १,३१०. गाडी वळणावर जास्त घट्ट बसावी म्हणून. याच घराण्यातल्या छोट्या गाडीला, सुझुकी सामुराईला, १९८८ मध्ये अमेरिकेत एका ग्राहक मासिकानं उलटण्याच्या भीतीवरून नापास केलं होतं आणि तो वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. अमेरिकन लष्कराच्या स्वतःच्या एम-१५१ गाडीचीही तीच कथा. मागची चाकं स्वतंत्र झुलणारी, आडरानात मऊ, पण वेगात वळवली की उलटायची. नंतर मागची रचना बदलली, तरी रिटायर झालेल्या एम-१५१ गाड्या त्यांनी लोकांना साबूत विकल्या नाहीत, कापून भंगारात घातल्या.

आता हिशेब मांडतो. साहेबांनाही हाच पाठवला.

जिप्सी किंगचा कंपनीचा टायर २०५/७०-१५. त्याचा व्यास ६६८ मिलिमीटर होतो. २१५/७५-१५ घेतला तर ७०३, २३५/७५-१५ घेतला तर ७३३, आणि ३१ इंची म्हणजे ७८७. पण गाडी वर उचलली जाते ती यातल्या फरकाच्या निम्म्यानंच, कारण एक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे अनुक्रमे १८, ३३ आणि ६० मिलिमीटर. कंपनीनं दिलेली जमिनीपासूनची मोकळी जागा २१० आहे. दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा गोळा, आणि तो एक्सलवर असतो. पाटे उंच करून बॉडी कितीही वर न्या, गोळा तिथेच राहतो. त्याला वर नेणारी एकच गोष्ट आहे, टायर. चार इंचाच्या लिफ्टनं गोळ्याखाली एक मिलिमीटरही मिळत नाही. मिळतं ते एवढंच की मोठा टायर मडगार्डला घासत नाही, आणि गाडीचं पोट व कोपरे दगडांपासून जरा दूर राहतात.

आणि किंमत? १,३०० च्या निम्मे ६५०. गाडीचा भार समजा जमिनीपासून तेवढ्याच, ६५० मिलिमीटर उंचीवर केंद्रित आहे. तर उभी गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तग धरेल. चार इंच लिफ्ट आणि ३१ चे टायर मिळून हा भार दीडशे मिलिमीटर वर गेला तर तोच कोन ३९ वर येतो. हे थांबलेल्या गाडीचं. वळणावर, टपावर सामान बांधून, याहून बरंच कमी. कंपनीनं ९० मिलिमीटर रुंदी देऊन जे कमावलं, ते गॅरेजात एका दुपारी जातं.

आता पोखरण.

१९९४ मध्ये युनिटच्या एका साहसी मोहिमेसाठी एक जुनी जीप तयार करायची होती. मी तेव्हा नायक होतो, हातात कला होती आणि डोक्यात हवा. पुढचे शॅकल मी जाड पट्टीतून कापून लांब केले. गाडी दोन इंच उठली, सगळ्यांनी वा वा केली. आमच्या हवालदार मेजरनी फक्त एक प्रश्न विचारला, “कॅस्टर देखा?” मी हो म्हटलं. पाहिला नव्हता.

कॅस्टर म्हणजे काय, ते सायकलवर समजतं. हात सोडले तरी सायकल सरळ जाते, कारण पुढचा काटा मागे कललेला असतो. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच तीनेक अंशांचा कल दिलेला असतो. त्या जीपला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे वळतो आणि तो कल नाहीसा होतो. मग चाकाला सरळ जायची ओढच उरत नाही.

मातीत काही कळलं नाही. डांबरावर पन्नासच्या वर गेल्यावर एका खड्ड्यातून चाकं थरथरायला लागली ती थांबेचनात. स्टीअरिंग ड्रायव्हरच्या हातातून सुटलं, जीप रस्ता सोडून वाळूत गेली आणि कुशीवर पडली. ड्रायव्हर माझ्याच बॅचचा. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. तो मनगट आजही पूर्ण वळवू शकत नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, मी खरं ते सांगितलं, शिक्षा झाली. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन तिरक्या पाचरी बसवल्या असत्या तर तो कल परत आला असता. दोन पाचरी. माझ्याच वर्कशॉपमध्ये, तासाभराचं काम.

तो अजून माझा मित्र आहे. लग्नकार्यात भेटला की सगळ्यांसमोर विचारतो, “काय रे, कॅस्टर पाहिलास का?” सगळे हसतात. मीही हसतो.

आता गॅरेजवाल्याच्या चार इंचांबद्दल. ते मिळतात पाटे एक्सलच्या खालून काढून वर बांधल्यानं. काम एका दिवसाचं, पण एवढ्यावर सुटका नाही. प्रॉपेलर शाफ्टचे कोन वाढतात आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे होज तोकडे पडतात. स्टीअरिंगचे रॉड तिरके होतात. जोर दिला की एक्सल पाट्यासकट पिळतो. यातलं प्रत्येक दुरुस्त करता येतं, नीट करणारी माणसंही आहेत, पण पॅकेजमध्ये ते सहसा नसतं. त्यावर कायद्याचं वेगळं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ स्पष्ट केला आहे: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारणार.

आणि शेवटी लडाख. साहेबांना मी म्हटलं, चांग लाचा चढ आठवा. ती खिंड साडेसतरा हजार फुटांच्या वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोरही जेमतेम निम्मा. ८० अश्वशक्तीच्या जिप्सीचे तिथे चाळीस घोडे उरतात. त्यात ३१ चे टायर टाकले तर चाक जवळजवळ अठरा टक्के मोठं होतं, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला. जमिनीवर मिळणारा ओढ पंधरा टक्क्यांनी कमी. चार माणसं, सामान, जेरीकॅन, आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळत चढायचं. उतारावर ब्रेकचंही तेच, मोठं चाक थांबवायला जास्त जोर. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी सत्तरीत असेल. आणि चेन! बर्फात चेन बांधायची तर टायर आणि पाट्यामध्ये बोटं शिरतील एवढी जागा हवी. रुंद टायरला चेन बांधली की ती आतून होजला घासते. से लाला एका गाडीचा पुढचा होज असा कापलेला मी पाहिलाय. नशीब की गाडी चढावर होती.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे काहीच करू नको म्हणतोस?”

तसं नाही. मी त्यांना पहिलं काम सांगितलं ते टेप घेऊन गाडीखाली जायचं. सपाट जागी गाडी उभी करा, टायरची हवा सारखी करा, चारही बाजूंना एक्सलपासून चेसिसवरच्या रबरी बंपापर्यंतचं अंतर मोजा आणि कागदावर लिहा. वीस वर्षं फौजेत राबलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात. त्यात पुन्हा ड्रायव्हरची बाजू जास्त. नव्या मालाच्या अंतराशी ताडून बघा. लोक ज्याला लिफ्ट म्हणून पैसे मोजतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे गाडीची स्वतःचीच हरवलेली उंची असते. नवे पाटे, नवे बुश, नवे शॅकल, मूळ मापाचे. नवे शॉकअप. ब्रेकचे होज सगळे नवे. मग दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा मोजा, कारण नवे पाटे थोडे बसतात.

त्यानंतर टायर २१५/७५-१५. गोळ्याखाली १८ मिलिमीटर जास्त, मूळ रिमवर बसतो, चेन बांधता येते, आणि गिअरिंगचा तोटा पाच टक्क्यांचा, जो सोसण्यासारखा आहे. नक्षी मध्यम, फार दातेरी नको. मनालीपर्यंत डांबरच आहे. २३५ बद्दल त्यांनी विचारलं. सखल भागात, एकट्यानं, नदीनाल्यात हिंडायचं असतं तर मी विचार केला असता, पाट्यांना इंचभर उंची आणि पाचरी देऊन. चांग लासाठी चौघांना घेऊन, नाही.

परवा रात्री त्यांचा मेसेज आला. कागदाचा फोटो, फौजी अक्षरात चार आकडे. मागची उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिलिमीटर खाली, आणि चारही कोपरे नव्या गाडीपेक्षा दीड-दोन इंच बसलेले. खाली लिहिलं होतं, गॅरेजवाल्याला नाही म्हणून कळवलं, पाटे नवे सांगितले, लाल रंग देऊ का विचारतोय, मी हिरवाच म्हटलं.

मी उत्तर दिलं की पाटे बसवले की कॅस्टर मोजून घ्या आणि आकडा मला पाठवा. फोटोसकट.